बारावं अंडं

मेंदूचं ऑपरेशन शिकणाऱ्यांच्या घरी रोज काय शिजतं असं कोणी विचारलं, तर बेधडक सांगा, अंडी. सकाळी ऑम्लेट, दुपारी ऑम्लेट, पाहुणे आले तर केक, आणि पाहुण्यांची पाठ वळली की पुन्हा ऑम्लेट. छोट्या मॅडमच्या घरी हा प्रकार पाच महिने चालला होता. तिचे बाबा आयुष्यभर मिटक्या मारत अंडी खात आलेले, पण आता ताट पुढे आलं की तेही आधी डोळे मिटून घेत.

कारण साधं होतं. युनिव्हर्सिटीच्या त्या भल्यामोठ्या हॉस्पिटलात, मेंदूच्या विभागात, कवटीला ड्रिल लावायच्या आधी अंड्याला लावावं लागे. कच्चं अंडं घ्यायचं, त्याचं कवच नखाएवढ्या गोलात घासून काढायचं, आणि कवचाखाली जो पातळ पांढरा पडदा असतो ना, अंडं सोलताना बोटांना चिकटतो तो, त्याला ओरखडासुद्धा उठता कामा नये. कवटीच्या हाडाखाली मेंदूवरही असाच एक पडदा असतो. अंड्याचा फाटला तर फार तर टेबल चिकट होतं. तिथला फाटला तर काय होतं ते तुम्हीच समजून घ्या. बरं, एक अंडं जमलं म्हणून कोणी पाठ थोपटत नाही. लागोपाठ बारा जमली पाहिजेत. सहावं फुटलं, पुन्हा एकपासून. अकरावं फुटलं, तरी पुन्हा एकपासून. विभागात याला नुसतं 'डझन' म्हणत. ज्याचं डझन झालं त्याच्या हातात ड्रिल, आणि ज्याचं झालं नाही त्याच्या हातात पाण्याची पिचकारी. दुसरा हाड कोरतो, आपण त्यावर पाणी मारत उभं राहायचं. छोटी मॅडम पाच महिने पाणी मारत होती.

ती तिसऱ्या वर्षाची शिकाऊ डॉक्टर. उंची बेताची, म्हणजे अगदीच बेताची. खुर्ची पूर्ण वर केली तरी मायक्रोस्कोपला डोळे पोचत नसत, आणि डोळे पोचले की पाय अधांतरी. म्हणून पायाखाली एक लाकडी पाट. त्या पाटावर कोणी तरी खडूने 'छोट्या मॅडमचा, हात लावू नये' असं लिहून ठेवलं, आणि तेव्हापासून तिचं खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं.

विभागाचा थाट काय सांगावा! तिसऱ्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरं, भिंतभर पडदे, मेंदूत सुई नेमकी कुठे आहे ते रंगीत दाखवणारी यंत्रं. कोणी बाहेरचे पाहुणे आले की त्यांना तिथे फिरवून आणत. पण शिकायची खोली मात्र तळघरात, कपडे धुण्याच्या विभागाला खेटून. 'नवीन प्रयोगशाळेचं बांधकाम चालू आहे' ही पाटी वर चार वर्षांपासून होती आणि पाटीचा रंग आता उडायला लागला होता. तळघरात दोन मायक्रोस्कोप, एक बरा आणि एक आजारी. एक बेसिन. प्लॅस्टिकच्या तीन कवट्या, त्यातल्या एकीला मामांनी टोपी घातलेली. एक छोटा फ्रिज. आणि शेजारच्या मशीनचा धडधडाट, इतका की भिंतीला टेकवलेली खुर्ची आपोआप सरकत दारापर्यंत जाई.

मामा म्हणजे या खोलीचे राजे. हुद्दा तंत्रज्ञाचा, पण तेवीस वर्षांत जेवढे मेंदूचे डॉक्टर या विभागातून बाहेर पडले ते सगळे मामांच्या नजरेखालून गेलेले. अंडं जमलं की नाही ते मामांचा कागद ठरवी. कवच काढलेल्या जागेवर ते टिपकागदाचा तुकडा ठेवत आणि शंभर आकडे मोजत. कागद कोरडा राहिला तर वहीत रेघ. ओला, चिकट झाला तर मामा फुटकी अंडी घरी न्यायचा 'ऑम्लेटचा डबा' पुढे सरकवत.

आता खरी गोष्ट. बेड नंबर चारवर एक बाई होत्या, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या. त्यांच्या डोक्यात, वरच्या बाजूला, हाडाच्या खालीच एक गाठ होती. गाठ साधी, जागा सोपी. शिकणाऱ्याच्या हाताला इतकं चांगलं हाड वर्षातून एकदा येतं. सोमवारी आठला ऑपरेशन. मोठ्या सरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, राउंडमध्ये चालता चालता जाहीर केलं, "छोटीचं डझन सोमवारपर्यंत झालं तर हाड ती उघडेल. नाही तर लंबू."

लंबू तिच्याच वर्षाचा. त्याचं डझन दोन महिन्यांपूर्वीच झालं होतं. मनाने सोन्यासारखा पोरगा, पण मायक्रोस्कोप वापरून झाला की तो आपल्या उंचीवर ठेवून जाई, त्यामुळे दोघांचं रोज वाजे. आणि खरी गोम अशी की एक तारखेपासून छोट्या मॅडमची सहा महिन्यांची ड्यूटी अपघात विभागात लागली होती. तिथे धावपळ ढीगभर, ड्रिल नाही. म्हणजे हे हाड हातचं गेलं की थेट पुढचं वर्ष. पुढच्या वर्षी तिच्या मागची पोरं ड्रिल चालवणार आणि ही बाई पाटावर उभी राहून पाणी मारणार! नुसत्या विचाराने तिला घाम फुटे.

गुरुवारी संध्याकाळी तिची अकरा झाली. लागोपाठ अकरा! यापूर्वी नऊच्या पुढे गाडी कधी गेली नव्हती. तिला वाटलं बारावंही उरकून टाकावं, पण मामांनी वही मिटली. "बारावं मोठ्या सरांसमोर, छोट्या मॅडम. आमचा रिवाज आहे तो. उद्या अकराला."

शुक्रवारी अकराला खोली भरली. मोठे सर हाताची घडी घालून उभे, लंबू छताला डोकं लागू नये म्हणून वाकलेला, आणि थिएटरच्या सिस्टर, ज्यांचा दरारा सरांपेक्षा जास्त. मामांनी फ्रिजमधून अंडं काढून दिलं. छोट्या मॅडमने पाट पायाखाली ओढला, हात हलू नये म्हणून करंगळी टेकवली, आणि ड्रिल सुरू झालं. पंधरा मिनिटं खोलीत कोणी हूं की चूं केलं नाही. कवच पातळ होत गेलं, पडद्याचा पांढरा रंग दिसायला लागला, शेवटचा तुकडा राहिला, तोही गेला. मामांनी कागद ठेवला. शंभर आकडे. कागद कोरडा ठणठणीत.

मग काय विचारता! लंबूने टाळ्या वाजवल्या, डोकं छताला आपटून घेतलं, तरी वाजवतच राहिला. मोठ्या सरांनी वहीत सही केली आणि म्हणाले, "सोमवार." त्यांच्या मानाने हे भाषणच होतं.

छोटी मॅडम आधी बेड नंबर चारवर पळाली. "बाई, सोमवारी तुमचं हाड मी उघडणार. सर शेजारीच असतील."

बाईंनी चष्म्यावरून तिला आपादमस्तक पाहिलं. त्याला वेळ फारसा लागला नाही. "पास झालीस म्हणजे?"

"हो, बाई."

"कॉपी करून नाही ना?" आणि स्वतःच खळखळून हसल्या.

मग बाबांना फोन. बाबांनी पलीकडून अशी आरोळी ठोकली की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला. "दोन वाजता न्यायला येतो!" ते म्हणाले. "आणि आज घरात अंडं नाही शिजणार, सांगून ठेवतो!"

दुपारी एकच्या सुमाराला ती तळघरात सामान आवरत होती. मामा डबा उघडून बसले होते. तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि सिस्टर आत आल्या. गणवेशाच्या पुढच्या बाजूवर पिवळा बलक ओघळत होता, हातात फुटकं कवच आणि डोळ्यांत आग.

"कोणाचे हे उद्योग?" सिस्टर कडाडल्या. "माझं अंडं कोणी बदललं?"

झालं होतं ते असं. सिस्टरांनी गेल्या सोमवारपासून वजन कमी करायचं मनावर घेतलं होतं. दुपारी फक्त एक उकडलेलं अंडं आणि काकडी. वॉर्डच्या फ्रिजमध्ये औषधांशिवाय काही ठेवायची मनाई, म्हणून त्या आपलं अंडं तळघरातल्या फ्रिजच्या दारात ठेवत. आणि मामांनी नेमका आजच सकाळी फ्रिज साफ करायला काढला होता. सगळं बाहेर, मग सगळं आत. सिस्टरांनी जेवायला बसून अंडं टेबलाच्या कडेवर टक् करून आपटलं, आणि ते कच्चं निघालं.

"माझ्याच हातून झालं असणार, सिस्टर," मामा कानाची पाळी धरत म्हणाले आणि ओलं फडकं शोधायला त्यांच्यामागून बाहेर धावले. छोटी मॅडम इतकी हसली की तिला पाटावर बसावं लागलं. हसता हसता तिने डोळे पुसले. आणि मग हसू एकदम थांबलं.

कच्चं सिस्टरांकडे गेलं. मग उकडलेलं कोणाकडे गेलं?

तिचं बारावं अंडं अजून टेबलावरच होतं, मामांनी आठवण म्हणून बाटलीच्या झाकणात ठेवलेलं. तिने ते उचललं, टेबलावर आडवं ठेवलं आणि बोटांनी गिरकी दिली. कच्चं अंडं गिरकी घेत नाही, दारू प्यायल्यासारखं डगमगतं. पाच महिने अंड्यांत काढलेल्या बाईला हे कोणी सांगायला नको. हे अंडं भोवऱ्यासारखं फिरलं. छान, गरगर, कितीतरी वेळ.

उकडलेल्या अंड्यातून गळणार काय? पडदा फाटो नाही तर चिंध्या होवोत, मामांचा कागद कोरडाच राहणार. पण न फाटता झालं असेल की! तिने ते बऱ्या मायक्रोस्कोपखाली धरलं. लंबूने तो आपल्या उंचीवर ठेवला होता. तिने त्याला एक शिवी हासडली आणि पाटावर चढून टाचा उंचावल्या. गोलाच्या कडेला, घड्याळात दोन वाजतात त्या जागेवर, पडद्याला चीर होती. स्वल्पविरामाएवढी. कच्चं असतं तर सगळ्यांसमोर गळलं असतं.

खोलीत कोणी नव्हतं. अंडं खिशात टाकलं असतं तर चिटपाखरालाही पत्ता लागला नसता. सही झाली होती. तिने खरंच खिशात टाकलं, आणि ती बाहेर गेटवर जाऊन उभी राहिली.

बाबा वेळेवर आले. बाबा एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. गाडी चालवावी तर त्यांनीच, पण एक विक्षिप्तपणा होता. बाबा गाडी कधीही मागे घेत नसत. गल्ली चुकली तर पुढच्या चौकातून वळसा. गाडी लावायची ती नेहमी पुढे मोकळा रस्ता बघून. एकदा एका बंद गल्लीत शिरले, तर सगळ्यांना खाली उतरवून गाडी ढकलत बाहेर काढली होती. घरात यावरून त्यांची यथेच्छ टिंगल होई आणि बाबा ती निमूटपणे ऐकून घेत.

गाडी पहिल्या सिग्नलला थांबली. बाबांनी दोनदा तिच्याकडे पाहिलं. "डझन झालं म्हणालीस ना? मग तोंड का असं?"

तिने खिशातून अंडं काढून त्यांच्यासमोर धरलं आणि सगळं सांगितलं. सांगता सांगता रडू फुटलं. "कोणालाच माहीत नाही, बाबा. आणि मला येतं हो! अकरा केलीच ना मी? एकाने काय होतं?"

सिग्नल हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्न वाजवले, तरी गाडी जागची हलली नाही.

"मी गाडी मागे का घेत नाही, ठाऊक आहे तुला?"

"विक्षिप्तपणा."

"येत नाही मला."

छोट्या मॅडमचं रडू थांबलं. "म्हणजे?"

"लायसन्सच्या परीक्षेत सगळं झालं. चढ झाला, वळण झालं. मागे घ्यायचं तेवढं राहिलं. साहेबाला चहाची तलफ आली होती. तो म्हणाला, येतं ना रे? मी म्हटलं, येतं साहेब. त्याने ठप्पा मारला." बाबांनी गाडी पुढे काढली. "मग काय, पास झालेल्या ड्रायव्हरने कोणाला जाऊन सांगायचं, की बाबा रे, मला मागे घ्यायला शिकव? लाज वाटायची. एकतीस वर्षं डेपोत दुसऱ्या ड्रायव्हरला चहा पाजून त्याच्याकडून बस मागे घेतली. किती चहा पाजला असेल, हिशेब नाही. आणि रोज सकाळी बसमध्ये चढताना एकच भीती, आज कुठे अडकलो तर? माझ्या मागे पन्नास माणसं बसलेली असायची गं."

त्यांचा आवाज जरा बदलला होता. तिने आपल्या बापाला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तिला त्यांची फार माया आली.

"बाबा, गाडी परत हॉस्पिटलला घ्या."

"घेतो."

"गेट इथंच मागे आहे. दोनशे पावलांवर."

"चौकातून वळून येतो," बाबा म्हणाले, आणि मग दोघंही एकदम हसले. ती उतरून पायीच गेली.

मोठ्या सरांनी अंडं हातात घेतलं, गिरकी देऊन पाहिलं, आणि चष्मा कपाळावर सरकवून चीर पाहिली.

"चीर किती वाजता आहे?"

"दोनच्या जागेवर, सर."

"का?"

तिने रस्ताभर यावरच विचार केला होता. "शेवटचा तुकडा होता. झालंच असं वाटलं. डोळा अंड्यावर होता, पण मन टाळ्यांकडे गेलं होतं."

सरांनी वही मागवली आणि आपली सही आडवी रेघ मारून खोडली. वहीत खाडाखोड त्यांना मुळीच खपत नसे, त्यामुळे कपाळावर आठी होती. शाबासकी नाही, समजूत नाही, काही नाही. "पुन्हा एकपासून," ते म्हणाले. "सोमवारी साडेसातपर्यंत वही उघडी राहील. त्यानंतर लंबू."

बाहेर लंबू उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "हे बघ, सोमवारी माझं पोट दुखणार आहे," तो हळूच म्हणाला. "सकाळपासूनच. फार."

"दुखव तर खरं," छोटी मॅडम म्हणाली, "ऑम्लेट भरवीन."

शनिवारी मामांनी सुट्टी असून खोली उघडली. तोंड एवढंसं झालं होतं त्यांचं. फ्रिजच्या दारावर त्यांनी मोठ्या अक्षरांत 'कच्ची' असा कागद चिकटवला होता, आणि सिस्टरांनी आपलं अंडं यापुढे स्वतःच्या पर्समध्ये ठेवायचं जाहीर केलं होतं. शनिवार वाईट गेला. चौथं फुटलं, मग दुसरं, मग सहावं. हात घाबरला होता, शेवटच्या तुकड्याशी आला की थरथरायचा. छोटी मॅडम इतकी चिडली की तिने टोपीवाल्या कवटीला एक चापट दिली.

रविवारी तिने एक केलं. शेवटचा तुकडा आला की ड्रिल बंद. हात खाली. दहा श्वास. मग तेवढाच तुकडा बारीक चिमट्याने, केसाएवढा, केसाएवढा. वेळ दीडपट लागे, पण कागद कोरडे निघायला लागले. तीन. पाच. आठ. दुपारचे चार वाजले तेव्हा अकरा झाली होती, आणि अंडी संपली होती.

"दुकानातून आणतो," मामा उठले. पण छोटी मॅडम आपल्या हाताकडे बघत होती. तो दमला होता, ते तिला कळत होतं. "नको, मामा. उद्या सकाळी."

सोमवारी पहाटे उठून बापलेकीने घरातली सहाच्या सहा अंडी स्वयंपाकघरातल्या टेबलावर फिरवून पाहिली. सगळी डगमगली. पावणेसातला निघाले, सातला हॉस्पिटलशी पोचले, तर पुढच्या गेटपाशी रुग्णवाहिकांची ही रांग! बाबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि गाडी सरळ तळघराच्या उतारावर घातली. उतार अरुंद, दोन्ही बाजूंना कुंड्या, खाली मळक्या चादरींच्या गाड्यांनी वाट अडलेली. दार मात्र समोरच.

छोटी मॅडम अंडी सांभाळत उतरली आणि जागीच थबकली. "बाबा, इथून गाडी वळत नाही."

"दिसतंय मला," बाबा म्हणाले. स्टिअरिंगवरची बोटं पांढरी पडली होती. "तू पळ."

ती पळाली.

सात वाजून पाच. खोलीत तीच सगळी माणसं. मायक्रोस्कोप तिच्या उंचीवर आणून ठेवलेला होता, लंबूनेच. तिने अंडं सरांसमोर फिरवून दाखवलं. डगमगलं. "कोणी टाळ्या वाजवू नका," ती म्हणाली आणि करंगळी टेकवली.

कवच पातळ होत गेलं. शेजारच्या मशीनची धडधड, पाण्याची धार, सिस्टरांचं घड्याळ. सात वीस. शेवटचा तुकडा. तिने ड्रिल बंद केलं आणि हात खाली घेतला. लंबूने कळवळून घड्याळाकडे पाहिलं. मामांनी डोळे मिटून घेतले. तिने दहा श्वास मोजले, दहाच्या दहा, एकही न गाळता, आणि चिमटा उचलला.

मामांनी कागद ठेवला तेव्हा सात सव्वीस झाले होते. त्यांनी शंभर आकडे मोजले. कागद कोरडा. मग मोठे सर पुढे झाले, त्यांनी अंडं उचलून काचेच्या वाटीत फोडलं. पारदर्शक पांढरं आणि मधोमध गोल पिवळा बलक, कच्चंच कच्चं. कोणीही टाळी वाजवली नाही. सिस्टरांनी नाक शिंकरलं तेवढंच.

सरांनी वहीत सही केली. "हात धुऊन घे," ते म्हणाले. "बाई वाट बघतायत."

बाई थिएटरच्या टेबलावर जाग्याच होत्या, भूल द्यायची होती. त्यांनी मास्कच्या वरच्या डोळ्यांवरून तिला ओळखलं. की पायाखालच्या पाटावरून, कोण जाणे.

"बाई, शुक्रवारी मी नापास झाले होते," छोटी मॅडम म्हणाली. "आज पास झाले."

बाईंनी तिच्याकडे एकदा नीट बघितलं. "मग ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटले.

हाड निघालं. शेवटच्या कडेशी छोट्या मॅडमने हात थांबवला, लंबू शेजारी पाणी मारत होता. मग हाडाची ती चकती अलगद उचलली गेली आणि खाली पडदा दिसला. करडा, ओला, बारीक लाल रेघांचा, आणि खालच्या ठोक्यासरशी हलके हलके वरखाली होणारा. तिने घड्याळाच्या दोनच्या जागी पाहिलं. मग बारा, मग तीन, मग सहा. कुठेही काही नव्हतं. तिचे डोळे भरून आले, पण थिएटरमध्ये डोळे पुसायला हात वापरता येत नाही, म्हणून तिने ते तसेच भरलेले ठेवले. सर पुढे सरसावले. गाठ आता त्यांची होती.

साडेअकराला गाठ पूर्ण निघाल्यावर तिने बाहेर येऊन फोन लावला.

"बाबा, पडदा शाबूत."

पलीकडे बाबांनी मोठा श्वास घेतलेला ऐकू आला.

"बाबा? कुठे आहात तुम्ही?"

"घरी. आत्ताच पोचलो." त्यांचा आवाज एखाद्या पोरासारखा फुलला होता. "उलटी काढली गं गाडी! मी! त्या उतारावरून! दोन कुंड्या गेल्या, आणि तो लाल पट्ट्यांचा खांब जरा वाकलाय. चादरीवाले म्हणत होते, आम्ही काढून देतो, आजोबा, चावी द्या. मी म्हटलं, नाही."

"किती वेळ लागला?"

"पावणेचार तास," बाबा म्हणाले. "तुला?"